पोत्यात काय आहे

आमच्या घरात खोटं बोलायला तशी बंदी नव्हती. नको असलेला पाहुणा लांबून दिसला की बाबा मागच्या दारानं शेतात गेलेले असत, आणि आई घरात दूध असूनही पाहुण्यापुढे काळा चहा ठेवून म्हैस आटल्याचं सांगत असे. म्हैस मागेच बांधलेली असायची आणि नेमकी तेव्हाच हंबरायची. एवढं सगळं चालायचं, पण पोत्याबद्दल खोटं चालायचं नाही. आमचं किराण्याचं दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर, समुद्रपूरच्या अलीकडच्या एका लहान गावात. गिऱ्हाईक असो की रस्त्यानं जाणारं शेंबडं पोर, कोणी विचारलं की ह्या पोत्यात काय आहे, तर जे असेल तेच सांगायचं. गूळ तर गूळ, सरकी तर सरकी. मस्करीतही दुसरं नाव घ्यायचं नाही. हा नियम आबाजींचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. ते स्वतः फार बोलत नसत, दुकानाच्या उंबऱ्याशी बसून सगळ्यांचं ऐकत असत.

नियमाचं कारण गल्ल्याशेजारी एका पितळी वाटीत ठेवलेलं होतं. ते होते गिरडच्या टेकडीवरचे गोटे. टेकडीवर दर्गा आहे, आमच्या भागातले सगळे जातीधर्माचे लोक तिथं जातात, आणि कोणाचं लेकरू तापानं फणफणलं की पहिला नवस गिरडच्या बाबालाच बोलला जातो. तिथं मातीत गोल गोटे सापडतात, कोणता जायफळासारखा, कोणता सुपारीसारखा. गोष्ट अशी सांगतात की एक व्यापारी जायफळ-सुपारीची पोती लादून त्या वाटेनं चालला होता. टेकडीवरच्या फकिरानं विचारलं, पोत्यात काय आहे. व्यापाऱ्याला वाटलं हा आता मागेल, म्हणून त्यानं सांगितलं, गोटे आहेत. फकीर म्हणाला बरं, आणि पुढच्या मुक्कामाला पोती सोडली तर आत गोटेच. बाकी गावातली पोरं ही गोष्ट ऐकून बाबाचा चमत्कार म्हणून हात जोडत. आमच्या घरात मात्र ती सुतकातल्यासारखी ऐकली जायची, कारण जायफळाचं अख्खं पोतं वाया जाणं म्हणजे काय हे आम्हाला कळत होतं. मी तर वाटीतला एक गोटा चावून पाहिला होता. आतून अजून जायफळ असेल तर, अशी मला शंका होती. दात हलला, पण तो तसाही पडायचाच होता.

मी चौकस होते. हा माझा शब्द, घरचे मला फौजदारीण म्हणत. बंबातलं पाणी तापताना कुरकुर का करतं, उकडलेल्या तुरीच्या शेंगा शिळ्या झाल्यावरच जास्त गोड का लागतात, सुधाकरकाका कोणत्याही प्रश्नाला सरळ उत्तर का देत नाही, असं माझं दिवसभर चालायचं. कधी उत्तर मिळे, कधी धपाटा मिळे, आणि दोन्ही मला सारखेच मानवत. पण दोन प्रश्न असे होते की विचारले की उत्तरही नाही आणि धपाटाही नाही. विचारलेला माणूस उठून दुसऱ्या कामालाच लागायचा.

पहिला प्रश्न माळ्यावरच्या पाळण्याचा. लाकडी, रंगीत, वर पोपट लटकवलेले, आणि त्यातल्या एका पोपटाची चोच तुटलेली. घरात एवढा चांगला पाळणा असताना काकूनं तिच्या गुड्डूला लुगड्याच्या झोळीत का झोपवलं? मी आईला विचारलं, तो पाळणा कोणाचा, तर म्हणाली कोणाचाच नाही. मग चोच कोणी तोडली, तर आईला एकदम चुलीवरचं दूध आठवलं. मला पाळण्याच्या करकरीचा आवाज आणि वेखंडाचा वास पुसट आठवायचा, पण मी फार लहान होते, आणि मधेच मला बरेच दिवस आजोळी पाठवलं होतं. परत आले तेव्हा पाळणा माळ्यावर गेलेला होता.

दुसरा प्रश्न दिलीपचा. दिलीप म्हणजे शेजारच्या भाऊरावजींचा मुलगा, माझ्याच वर्गातला. सगळ्या गावात तो दिलीप होता, आणि आमच्या घरात पाऊल टाकलं की तो पहिलवान व्हायचा. अंगावर मांस नाही, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा, आणि आबाजींपासून आईपर्यंत सगळे त्याला पहिलवान म्हणत. काकू तर काहीच म्हणत नसे. ती त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची आणि आत जायची. एकदा त्यानंच मला विचारलं, "काऊन वं, तुह्या घरी मले कोनीच नावानं काऊन बलावत नाई?" मी घरी चौकशी केली. आबाजी उठले आणि ज्या तराजूला काही झालं नव्हतं तो पुसायला लागले.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत गिरडला जायचं ठरलं. आमच्या गावात नाताळ कोणाच्या घरी नव्हता, पण सुट्टी सगळ्यांच्या घरी होती, आणि ती आम्ही शेतात जाऊन खाण्यापिण्यात साजरी करायचो. आता माझी नातवंडं थंडीच्या सुट्टीत बोरगाव मेघ्याला माझ्याकडे येतात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, आजी, इथं जवळ रिसॉर्ट कोणतं आहे. मी त्यांना काही बोलत नाही. म्हणजे बोलते, पण त्यांच्या कानात काहीतरी घातलेलं असतं. आमच्या वेळी ह्या दिवसांत कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, पहाटेपासून रस्त्यानं करकरत जायच्या, अंगणात तुरीच्या शेंगांचे ढीग यायचे, आणि घरातली सगळी बायामाणसं शेकोटीभोवती बसून सोले काढायची. ओल्या तुरीच्या दाण्यांना आम्ही सोले म्हणतो. सोले आणि वांग्याची भाजी ज्यानं खाल्ली नाही, त्यानं विदर्भातल्या थंडीबद्दल मला काही सांगू नये.

गिरडचं निमित्त होतं गुड्डूचं जावळ. काकूनं नवस बोलला होता की लेकरू तिसऱ्या वर्षापर्यंत सुखरूप राहिलं तर त्याचे केस टेकडीवरच काढीन, तोवर कात्री लावणार नाही. त्यामुळे गुड्डूच्या दोन वेण्या होत्या, त्याला लाल रिबिनी होत्या, आणि अनोळखी माणूस त्याला मुलगी म्हणाला की तो चड्डी खाली करून खुलासा करायचा. सगळ्यांना त्याचं हसू यायचं, एकट्या काकूला येत नसे. गुड्डूला ठसका लागला तरी ती हातातलं काम टाकून धावायची. त्याला पडसं झालं की रात्रभर त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची, असं आई सांगे. तिसरं वर्ष जवळ येत गेलं तशी तिची भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेली. जायच्या आदल्या दिवशी तिनं मला जवळ बसवून बजावलं, "छबू, उद्या कोनाशी भांडजो नोको, कोनाले टाकून बोलजो नोको. बाबाच्या पायथ्याशी काई उनं झालं तं नवस फिटत नाई." मी विचारलं, नाही फिटला तर काय होतं. ती उठली आणि चुलीत लाकूड सारायला लागली.

माझे बाबा दुकानासाठी मागं राहिले. बाकी आम्ही, म्हणजे आबाजी, आई, काका, काकू, गुड्डू आणि मी, भाऊरावजींच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. भाऊरावजी चालवायला आणि दिलीप त्यांच्या मागे मडगार्डवर. ट्रॉलीत तणस पसरलं होतं आणि वर सतरंजी. थंडी अशी की बोललं की तोंडातून वाफ निघायची, आणि निघायच्या आधी दिलीप आणि मी बिडी ओढल्यासारखं करत होतो तर आईनं दोघांनाही एकेक ठेवून दिली. मधोमध स्वयंपाकाचं पोतं होतं. काकूनं ते रात्रीच भरून सुतळीनं तोंड शिवून टाकलं होतं, आणि वाटभर त्यावर एक हात ठेवून बसली होती. गिरडला गेलं की रोडगे करायचे आणि रोडगे पुरुषांनीच करायचे, हा आमच्याकडचा रिवाज. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची आणि तुपात बुडवायचे. वर्षभर पाण्याचा पेलाही हातानं न घेणारा आमचा काका त्या दिवशी धोतर खोचून आचारी व्हायचा आणि बायकांना सूचना द्यायचा.

काकाबद्दल सांगायला हवं. सरळ उत्तर त्याच्या तोंडून निघायचंच नाही. किती वाजले विचारलं तर म्हणायचा, घड्याळाला विचार. जेवलास का विचारलं तर म्हणायचा, नाही, पोटावर हात फिरवला फक्त. गावाला त्याची मस्करी आवडायची. फक्त दुकानातल्या पोत्यापाशी तो गप्प असायचा, कारण उंबऱ्याशी आबाजी बसलेले असत. पण त्या दिवशी आम्ही दुकानात नव्हतो.

टेकडीच्या पायथ्याशी ट्रॉली थांबली. काका पोतं पाठीवर घेऊन उतरला. चिंचेखाली एक म्हातारा घोंगडी पांघरून शेकत बसला होता, तो उठून जवळ आला आणि म्हणाला, "पोत्यात काय आनलं बापा?"

काका म्हणाला, "गोटे हायेत, बाबाजी. गोटे."

म्हातारा म्हणाला, "बरं." आणि पाठ फिरवून चालायला लागला.

काकाला आपण काय बोललो हे आमच्या तोंडाकडे पाहून कळलं असावं. आईनं पदर तोंडाला लावला. आबाजींनी टोपी काढली आणि नुसतीच हातात धरली. दिलीपलाही ती गोष्ट ठाऊक होती, तो माझ्या कानात म्हणाला की आता वांग्यांचे गोटे झाले असतील. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, त्यात भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. पोतं उघडून पाहायला मिळावं म्हणून मी मेले होते. मी जवळ जाऊन बोटानं पोतं दाबलं. आत काहीतरी गोल आणि टणक लागलं. ते संत्रं असू शकत होतं, किंवा नसूही शकत होतं.

काकू पहिल्या पायरीवर बसली. गुड्डूला तिनं इतकं घट्ट धरलं होतं की तो रडायला लागला. ती म्हणाली, "मी वर येत नाई. आधी त्यायले खरं सांगून या."

काका हसला. मग चिडला. म्हणाला, हा म्हातारा काय फकीर आहे का, जत्रेतला कोणीतरी माणूस, त्याला काय सांगायचं. काकूनं मान वर केली नाही. ती म्हणाली, "माह्या लेकराचा नवस हाये. तुमची मस्करी तुमच्यापाशी ठेवा." सासऱ्यासमोर नवऱ्याला असं बोललेली ती मी पहिल्यांदाच पाहिली. मला वाटलं आता आबाजी तिला दटावतील. आबाजींनी टोपी परत डोक्यावर घातली आणि मुलाला म्हणाले, जा, त्याला शोधून आण.

तेवढ्या वेळात म्हातारा कुठे गेला ते कोणी पाहिलं नव्हतं. काका एका बाजूनं गेला, दिलीप आणि मी दुसऱ्या. रेवड्यांची दुकानं, चादरवाले, माकडं, ठिकठिकाणी पेटलेल्या गोवऱ्यांचा धूर, सगळीकडे घोंगडी पांघरलेले म्हातारे, आणि आमचा त्यातला कोणता हे कळेना. दिलीपचं मत पडलं की तो अंतर्धान पावला असणार. मला ते पटलं नाही, कारण मघाशी त्याच्या चपलेचा तुटलेला अंगठा मी पाहिला होता, आणि अंतर्धान पावणाऱ्या माणसानं चप्पल शिवून घेतली असती. शेवटी तो आम्हाला एका चुलीपाशी सापडला. त्याच्या घरची माणसं भाजी शिजवत होती आणि सून त्याच्यावर करवादत होती. त्यांचंही नातवाचं जावळ होतं. ते सगळं घेऊन आले होते आणि मीठ विसरले होते. म्हातारा आमच्याकडे मीठ मागायला आला होता. पोत्यात गोटे आहेत म्हटल्यावर बिचारा परत गेला.

किराणेवाल्यानं मिठासाठी आलेल्या माणसाला परत पाठवलं, हे ऐकून आबाजींचा चेहरा असा झाला की काकानं तिथंच कान पकडले. पण आबाजींचं तेवढ्यानं भागलं नाही. त्यांनी म्हाताऱ्याला हात धरून पायरीपाशी आणलं, पोतं समोर ठेवलं आणि काकाला म्हणाले, "इचारलं होतं नं त्यायनं, आता सांग. एकेक काढून सांग."

काकानं सुतळी उसवली. मी सगळ्यांत पुढे. कणीक, असं म्हणून त्यानं कणकेची थैली काढली. मग गूळ, वांगी, सोले, तुपाचा डबा, संत्री. एकही गोटा नाही. मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. मीठ, असं म्हणून त्यानं अख्खी पुडी म्हाताऱ्याच्या हातात ठेवली. म्हातारा संकोचून म्हणाला की मूठभर पुरे, आणि जायला वळला. तोच काकाचा हात तळाशी अडकला. त्यानं एक लहान गाठोडं बाहेर काढलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं.

काका म्हणाला, हे काय आहे? आईनं मान हलवली. मी विचारलं, सोडू का? आबाजी म्हणाले, "ज्याचं असेल त्यानं सांगावं."

काकू पायरीवरून उठली. गुड्डूला तिनं आईकडे दिलं आणि येऊन पोत्यापाशी उकिडवी बसली. गाठ तिनंच सोडली. आत एक झबलं होतं, एक टोपडं, आणि एक लाकडाची पिवळी चोच.

ती म्हणाली, "हे दिलीपचं हाये."

मडगार्डवर चढून बसलेला आमचा दिलीप म्हणाला, "माहं? माहं नाई हाये, काकू."

"तुहं नाई, बाबू. माह्या दिलीपचं. गुड्डूच्या आधीच्या."

मला त्या क्षणी जे कळलं ते सगळं एकदम कळलं, पाळणा, झोळी, पहिलवान, आईचं उतू जाणारं दूध, आबाजींचा तराजू. इतक्या दिवसांची माझी चौकशी संपली होती आणि मला एक शब्द बोलावासा वाटत नव्हता. आई रडायला लागली. आबाजी खाली पाहत होते. आमच्या घरात गुळाच्या पोत्याबद्दल कधी कोणी खोटं बोललं नव्हतं, आणि एका लेकराबद्दल सगळे मिळून बोलत आले होते. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. नाव घेतलं तर काकू कोसळेल म्हणून आम्ही घेत नव्हतो, आणि आम्ही घेत नाही म्हणून ती घेत नव्हती.

त्या म्हाताऱ्याला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घरचा असता तर उठून कामाला लागला असता. तो मिठाची पुडी मांडीवर ठेवून तिच्यासमोर बसला आणि पोत्याबद्दल विचारलं होतं तितक्याच सहज त्यानं विचारलं, "केवढा होता, बाई?"

आणि काकू सांगायला लागली. बसायला शिकला होता. पाळण्यात उभं राहायला पाहायचा आणि पोपटाला धरायचा. एकदा चोच हातातच आली तर घाबरून इतका रडला की सगळी गल्ली गोळा झाली. मग ताप आला, आणि तापातच गेला. तिनं हे गाठोडं चोरून आणलं होतं. वर कुठेतरी ठेवून यायचं आणि बाबाला म्हणायचं की आता हा माझ्या मनातून ने, म्हणजे मला गुड्डूकडे पाहून भीती वाटणार नाही. पोत्याबद्दल कोणी विचारलं की सगळं सांगावं लागतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून तोंड शिवलं होतं. काका गोटे म्हणाला तेव्हा तिच्या मनात आलं, की बाबानं खरंच मानलं तर माझ्या लेकराचं झबलंही गोटा होईल.

ती थांबली. तेव्हा काका बोलला. पोत्याला धरून उभाच होता तो, आणि आवाज त्याचा वाटतच नव्हता.

"त्याले दात आलता," तो म्हणाला. "खालचा. एकच. मले चावला होता."

काकूनं वर पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं. तो दात पहिल्यांदा काकालाच दिसला होता, आणि ताप त्याच दिवशी चढला म्हणून सांगायचं राहून गेलं होतं. त्यानं आपलं बोट पुढे केलं, जणू अजून खूण असेल, आणि तिनं ते धरलं. चारचौघांत नवरा-बायकोनं हात धरायचे ते दिवस नव्हते. म्हातारा हळूच उठला, मीठ घेऊन गेला, आणि त्याच्या सुनेच्या भाजीत एकदाचं मीठ पडलं.

मग आम्ही वर चढलो. गुड्डूनं जावळाला सगळी टेकडी डोक्यावर घेतली, आणि केस गेल्यावर डोक्यावरून हात फिरवत विचारत राहिला, माझ्या रिबिनी कुठे. काकू हसली. मलिदा वाटून झाला. गाठोडं तिनं वर ठेवलं नाही, कमरेला खोचून परत खाली आणलं. का नाही ठेवलं, हे मी तिला पुढे म्हातारपणी विचारलं, माझी खोड काही गेली नाही. ती म्हणाली, त्याला तिथं ठेवून यावं असं मग वाटलंच नाही. त्या संक्रांतीला काकानं माळ्यावरचा पाळणा काढला, चोच खळीनं चिकटवली, आणि पुढच्या वर्षी त्यात माझी चुलतबहीण झोपली. चोच मात्र वाकडीच बसली, ती अजून तशीच आहे.

जेवायला उशीरच झाला. काकानं रोडगे भाजले, राख झटकताना बोटं भाजून घेतली, पण त्या दिवशी कोणाला सूचना दिल्या नाहीत. चिंचेखाली पंगत बसली. माझ्या शेजारी दिलीप, पुढे पत्रावळ, आणि सोल्याच्या भाजीचा वास असा की थंडी विसरायला व्हावं. आईनं भाजी वाढली. मागून काकू तुपाचं भांडं घेऊन आली, वाढत वाढत आमच्यापर्यंत पोचली आणि थांबली.

"दिलीप," ती म्हणाली, "तूप घे, बाबू."

दिलीपनं आधी मागे वळून पाहिलं, की आणखी कोणाला हाक मारली. मग त्यानं पत्रावळ पुढे केली.